बँकॉक : सुवर्णभूमी विमानतळावरून प्रतुनामच्या हॉटेलवर १० माणसे आणि ७ मोठ्या बॅगा कमी खर्चात कशा न्याव्यात?

गोदाकाठची

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही घरचे १० जण मुंबईहून बँकॉकला जात आहोत. माझे आई-बाबा, सासू-सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई, त्यांच्या १७ आणि १४ वर्षांच्या दोन मुली, यजमान आणि मी असा गोतावळा आहे. विमान सकाळी सव्वासहाला सुवर्णभूमी विमानतळावर उतरेल. हॉटेल प्रतुनाम भागात, बायोक टॉवरच्या जवळ घेतले आहे, कारण बाजार पायाखाली असावा असा जाऊबाईंचा आग्रह होता.

सामान पुढीलप्रमाणे आहे : चाकांच्या ७ मोठ्या बॅगा, ५ लहान बॅगा आणि एक फराळाची पिशवी, जी सासूबाई कुणाच्याही हाती देत नाहीत. सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. सपाट जमिनीवर ते सावकाश चालतात, मात्र जिना त्यांना जवळजवळ चढता येत नाही.

आमच्या नाशिकच्या एजंटाने विमानतळ ते हॉटेल असे एका बाजूचे साडेआठ हजार रुपये सांगितले आहेत. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला ही रक्कम फार वाटते. दुसरीकडे, रेल्वेने माणशी ४० बाट लागतात असे वाचले, म्हणजे सर्वांचे मिळून हजार-अकराशे रुपयेच होतात. मात्र रेल्वेच्या त्या लेखांत सगळीकडे पाठीवर एकच पिशवी घेतलेले तरुण दिसतात, आमच्यासारखे लटांबर कुठेच दिसत नाही. ज्यांनी ज्येष्ठांना आणि जड सामानाला सोबत घेऊन हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पायपीट

रेल्वेच घ्या. स्थानक विमानतळाच्या तळघरातच आहे आणि ‘राचाप्रारोप’ हे तुमच्या हॉटेलच्या सर्वांत जवळचे स्थानक आहे. विमानतळापासून तिथे पोहोचायला पंचवीस मिनिटेही लागत नाहीत. तिथून बायोक टॉवरपर्यंत मी दहा मिनिटांत चालत गेलो होतो. आम्ही तिघे मित्र होतो आणि तिघांचा मिळून खर्च १२० बाट आला. एजंटाला साडेआठ हजार देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

सुखुमवितकर

मी नोकरीनिमित्त गेली काही वर्षे बँकॉकमध्ये राहतो आणि दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांना आणायला सुवर्णभूमीवर जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘पायपीट’ यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती त्यांच्या पाठीवरच्या पिशवीसाठी बरोबर आहे. आपल्याकडे प्रवासाचा हिशेब माणसांवरून करायची सवय असते : दहा माणसे, एका गाडीत चार, म्हणजे अडीच गाड्या. विमानतळावर हा हिशेब उपयोगी पडत नाही. गाडी किती आणि कोणती लागेल हे बॅगा ठरवतात, आणि स्वस्त वाटणारा मार्ग खरोखर स्वस्त आहे की नाही हे शेवटचे अर्धा-पाऊण किलोमीटर ठरवतात. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी अडचणीच्या आहेत, म्हणून आधी रेल्वेबद्दल आणि मग टॅक्सीबद्दल सांगतो.

एअरपोर्ट रेल लिंक, म्हणजे विमानतळाची हीच रेल्वे, २०१० साली सुरू झाली. सुवर्णभूमी हे तिचे पहिले स्थानक आहे, त्यामुळे तिथे चढताना जागा मिळते, बॅगाही नीट लावता येतात आणि आपण सुखावतो. खरी अडचण पुढे सुरू होते. कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ या वेळेत लात क्राबांग, हुआ माक, रामखामहेंग या स्थानकांवर कचेरीला निघालेली माणसे चढत जातात आणि मक्कासान येईपर्यंत डबा गच्च भरतो. आपली विरार लोकल आठवावी इतकी ती गर्दी नसते आणि इथली माणसे धक्काबुक्कीही करत नाहीत. तरीही ७ मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारे एक आजोबा घेऊन त्या गर्दीतून दारापर्यंत यायचे, आणि तेही गाडी थांबलेली असताना, ही कल्पनाच मला सोसवत नाही. सव्वासहाला उतरलेल्या विमानातली माणसे सामान घेऊन साडेसातच्या सुमारास बाहेर पडतात, म्हणजे तुम्ही नेमके त्याच गर्दीत सापडाल.

त्यानंतर राचाप्रारोपपासूनची चाल येते. स्थानक उंचावर आहे आणि खाली उतरल्यावर प्रतुनामकडे जाणारा पदपथ म्हणजे बाजाराचाच एक भाग आहे. अर्धी जागा कपड्यांच्या गाळ्यांनी आणि खाद्यपदार्थांच्या हातगाड्यांनी व्यापलेली असते, मधूनच फरशी उखडलेली असते, आणि चार चाकांच्या ज्या बॅगा विमानतळाच्या गुळगुळीत जमिनीवर एका बोटाने ढकलता येतात, त्या इथे प्रत्येक कडेला उचलून घ्याव्या लागतात. सडाफटिंगाला दहा मिनिटे लागतात, तिथे तुम्हाला अर्धा तास लागेल आणि चारही ज्येष्ठ नागरिक तोपर्यंत घामाघूम झालेले असतील.

एक इशारा जुन्या लेखांबद्दल. त्यांत तुम्हाला मक्कासानपर्यंतची विनाथांबा गाडी आणि मक्कासान स्थानकावरच विमानाचे सामान सोपवण्याची सोय यांचे वर्णन सापडेल. या दोन्ही सोयी काही वर्षांतच बंद झाल्या. आता सर्व गाड्या सर्व स्थानकांवर थांबतात.

आता टॅक्सी. आगमन कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मीटरच्या टॅक्सीची रांग पहिल्या मजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांकडे पाहूही नका. तिथले लिमोझिनचे काउंटर अधिकृत असतात, पण बरेच महाग असतात. ट्रॉलीसकट लिफ्टने एक मजला खाली उतरा. बाहेर पडल्यावर पडद्याला बोट लावून चालवायची यंत्रे दिसतील. साध्या गाडीसाठी आणि मोठ्या गाडीसाठी वेगवेगळी यंत्रे आहेत. यंत्र एक चिठ्ठी देते, तिच्यावर मार्गिकेचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाच्या फलकाखाली तुमची टॅक्सी उभी असते. चिठ्ठीवर चालकाचा आणि गाडीचा तपशील असतो, म्हणून ती प्रवास संपेपर्यंत आपल्याच खिशात ठेवा. काही चालक बसल्याबसल्या ती मागतात. हसून ‘नो’ म्हणायचे.

भाड्याची रचना अशी आहे : साध्या गाडीचे मीटर ३५ बाटपासून सुरू होते, विमानतळाचा अधिभार मीटरवरच्या रकमेखेरीज द्यावा लागतो आणि जलदगती मार्गाचा टोल प्रवाशाने नाक्यावर रोख द्यायचा असतो. प्रतुनामपर्यंत सगळे मिळून साधारण ४०० बाट धरा आणि वाहतूक तुंबली तर आणखी ५० धरा, कारण गाडी उभी असतानाही मीटर मिनिटांप्रमाणे चालू राहते. टोलसाठी २०, ५० आणि १०० बाटच्या सुट्ट्या नोटा जवळ असाव्यात. बदललेल्या पैशांत हजाराच्या नोटाच मिळाल्या, तर तळघरात रेल्वे स्थानकाशेजारी पैसे बदलून देणाऱ्यांचे काउंटर आहेत, तिथे सुट्टे मागा. तसेही तिथला दर वरच्या मजल्यांवरच्या बँकांच्या खिडक्यांपेक्षा चांगला असतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. इथल्या साध्या टॅक्सीची डिकी उघडली की पुष्कळदा आत गॅसची टाकी दिसते. मुंबईच्या सीएनजी टॅक्सीत दिसते तशीच, मागच्या सीटला टेकवून आडवी बसवलेली. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आडवी आणि तिच्यावर एखादी लहान बॅग मावते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला निदान टपावर कॅरिअर असायचे, इथे तेही नाही. दुसरी मोठी बॅग मग चालकाशेजारच्या सीटवर जाते आणि गाडीत माणसे तीनच बसू शकतात. चार माणसे आणि तीन मोठ्या बॅगा असा बेत साध्या टॅक्सीत जमतच नाही. मोठी गाडी म्हणजे बहुधा इनोव्हा किंवा फॉर्च्युनर असते. तिची मागची रांग दुमडली, तर चार माणसे आणि तीन-चार मोठ्या बॅगा आरामात जातात.

तुमच्यासाठी म्हणून दोन मोठ्या गाड्या आणि एक साधी गाडी हा हिशेब मला योग्य वाटतो. दोन्ही मोठ्या गाड्यांत प्रत्येकी चार माणसे आणि तीन बॅगा, साध्या गाडीत दोन माणसे, उरलेली एक मोठी बॅग आणि लहान बॅगांपैकी काही. एकूण खर्च १,३०० बाटच्या आसपास येईल. एक बाट अडीच-पावणेतीन रुपये धरला, तर साडेतीन हजार रुपये, म्हणजे एजंटाच्या निम्म्याहूनही कमी.

एक प्रश्न राहिलाच. तुम्ही कोणत्या वारी पोहोचता?

गोदाकाठची

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. गॅसच्या टाकीची गोष्ट मी यजमानांना वाचून दाखवली. ‘एका टॅक्सीत चार माणसे आणि चार बॅगा सहज मावतील’ असे ते दोन दिवस सांगत होते, ते आता गप्प झाले आहेत.

आम्ही गुरुवारी पोहोचतो. हॉटेलची खोली दुपारी दोनपूर्वी मिळणार नाही, असे त्यांनी कळवले आहे. सामान मात्र लॉबीत ठेवू देणार आहेत.

जमाखर्च

वरील हिशेबात थोडी बचत अजून शक्य आहे, असे वाटते. सहा धडधाकट माणसांनी, म्हणजे तुम्ही, यजमान, दीर, जाऊबाई आणि दोन मुलींनी, रिकाम्या हाताने रेल्वेने जावे. त्याचे ६ × ४० = २४० बाट होतात. चार ज्येष्ठ आणि सर्व सामान एका मोठ्या आणि एका साध्या गाडीने जावे. त्याचे साधारण ८५० बाट होतात. बेरीज १,०९० बाट, म्हणजे तीन गाड्यांच्या तुलनेत सुमारे २०० बाट वाचले. सहा जणांना रेल्वेही पाहायला मिळेल आणि गाड्यांत दाटीवाटी होणार नाही.

याखेरीज ग्रॅब या गाडी मागवण्याच्या अॅपवर सहा आसनी गाडी मिळते आणि तिचे भाडे आधीच ठरलेले दिसते, हा फायदा आहे. मात्र सकाळच्या गर्दीत हे भाडे वाढते, आणि अॅपची नोंदणी भारतातच आपल्या मोबाइल क्रमांकावर पूर्ण करून जावे, नाहीतर पडताळणीचा संदेश परदेशात वेळेवर येईल की नाही याची शाश्वती नसते.

सुखुमवितकर

जमाखर्च, आपली बेरीज चुकलेली नाही, तरीही मी याला विरोध करेन. २०० बाट म्हणजे साडेपाचशे रुपये झाले. तेवढ्यासाठी परक्या देशात पहिल्याच सकाळी चार ज्येष्ठांना दोन वेगवेगळ्या टॅक्सींत, ज्यांच्या चालकांना इंग्रजी जेमतेम येते, सगळे सामान आणि बहुधा चालू नसलेले फोन घेऊन एकटे पाठवायचे, हे मला पटत नाही. टोल कोणी द्यायचा, हॉटेलसमोर सात बॅगा कोणी उतरवायच्या, आणि रेल्वेवाले आधी पोहोचले नाहीत तर लॉबीत कोणी बोलायचे? प्रत्येक गाडीत एक तरी असा माणूस हवा, ज्याच्याकडे चालू फोन, सुटे पैसे आणि हॉटेलचा पत्ता या तिन्ही गोष्टी आहेत. तुमच्या योजनेत तसा एकही माणूस गाडीत उरत नाही. एखादा तरुण प्रत्येक गाडीत घालायचा म्हटले, तर सहा माणसे आणि सात मोठ्या बॅगा दोन गाड्यांत मावत नाहीत, तिसरी गाडी लागते आणि बचत उरतच नाही.

गुरुवार आणि खोली दुपारी दोनला, हे कळल्यावर मात्र माझा सल्ला थोडा बदलतो. तुम्हाला घाई नाही, तर साडेसातला टॅक्सीत बसून गर्दीत मीटर वाढवण्यात काय अर्थ आहे? विमानतळाच्या पहिल्याच मजल्यावर, एका टोकाला, कर्मचाऱ्यांसाठी असलेली ‘मॅजिक फूड पॉइंट’ नावाची खानावळ आहे. ती प्रवाशांनाही खुली असते आणि तिचे दर वरच्या उपाहारगृहांच्या मानाने बरेच कमी असतात. आधी काउंटरवर पैसे भरून कुपन घ्यायचे आणि उरलेल्याचे पैसे परत मिळतात. शाकाहारी माणसाला फळे, चहा आणि भात याहून फारसे काही मिळेल असे नाही, पण तुमच्याजवळ फराळाची पिशवी आहेच. तोंडे धुऊन, खाऊन, फोनचे कार्ड बसवून साडेनऊनंतर निघा. रस्ते मोकळे झालेले असतील.

सासऱ्यांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवा. विमानाच्या दारापासून पासपोर्ट तपासणीपर्यंतचे अंतर या विमानतळावर खरोखरच लांबलचक आहे. आणि दहाही जणांचे थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरून ठेवा. १ मे २०२५ पासून ते सक्तीचे आहे. त्याला शुल्क नाही, तेव्हा पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही असे खुशाल समजा.

भिशीवाल्या बाई

आमच्या ठाण्याच्या भिशीच्या ११ जणी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो आणि दोन चुका केल्या. त्या इथे सांगते, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही.

पहिली चूक व्हॅनची. एका संकेतस्थळावरून आम्ही ‘१० ते १२ आसनी’ व्हॅन १,६०० बाटला आधीच ठरवली होती. व्हॅन वेळेवर आली, स्वच्छ होती, चालक नम्र होता. पण बारा आसने म्हणजे बाराच आसने, मागच्या रांगेमागे वीतभर जागा आणि आमच्या आठ मोठ्या बॅगा. त्याने पाच बॅगा दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभ्या रचल्या, दोन बॅगा मागच्या बायकांच्या मांडीवर आल्या आणि एकीला दरवाजाच्या पायरीजवळ आखडून बसावे लागले. वाटेत गाडीने ब्रेक लावला की आम्ही सगळ्या एकदम बॅगा धरायचो. तेव्हा व्हॅन घ्यायचीच असेल, तर आसने किती हे विचारू नका. ‘इतकी माणसे आणि इतक्या इंचांच्या इतक्या बॅगा’ असे लिहून पाठवा आणि होकार लेखी घ्या. दहा माणसांना सात मोठ्या बॅगांसकट नेणारी उंच टपाची, मागची रांग काढलेली व्हॅन मिळते, पण ती मागून घ्यावी लागते.

दुसरी चूक परतीच्या मुक्कामाला झाली. पट्टायाहून परत आल्यावर तीन टॅक्सींनी प्रतुनामला निघालो. तिन्ही चालकांना आम्ही हॉटेलचे नाव इंग्रजीत, तोंडी सांगितले. त्या भागात एकाच नावाला पुढे-मागे एखादा शब्द जोडलेली कितीतरी हॉटेले आहेत. दोन टॅक्सी बरोबर ठिकाणी आल्या. तिसरीतल्या चौघी नावाच्या जुळ्या भावंडासमोर उतरल्या, सामान उतरवले, टॅक्सी गेली, आणि मग काउंटरवर आरक्षण सापडेना. त्या रडकुंडीला आल्या होत्या. अंतर एका गल्लीचेच होते, पण ते आम्हाला पाऊण तासाने कळले.

त्यामुळे हॉटेलला ईमेल करून नाव आणि पत्ता थाई लिपीत मागवा, फोन क्रमांकासकट. त्याच्या तीन प्रती छापून घ्या आणि प्रत्येक गाडीत एक द्या. फोनमधला फोटो पुरत नाही, कारण चालकाला कागद हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा असतो आणि हॉटेलला फोनही लावायचा असतो.

पायपीट

माझे उत्तर घाईचे होते, हे मान्य आहे. एक भर घालतो. परतीच्या वेळी बॅगा वाढलेल्या असतात. प्रतुनामला राहणाऱ्यांच्या तर नक्कीच. जाताना तीन गाड्यांत मावलेले येताना मावेल असे धरून चालू नका.

गोदाकाठची

सहल आटोपून गेल्या आठवड्यात परतलो. इथे इतक्या जणांनी मनापासून लिहिले, म्हणून काय घडले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

विमान वीस मिनिटे उशिरा उतरले. चाकाच्या खुर्चीमुळे सासरे आणि त्यांच्यासोबत सासूबाई आमच्याही आधी सामानाच्या पट्ट्यापाशी पोहोचले होते. सर्व बॅगा घेऊन पहिल्या मजल्यावर आलो तेव्हा पावणेआठ झाले होते. मॅजिक फूड पॉइंट शोधायला थोडे चालावे लागले. तिथे आम्ही तासभराहून जास्त बसलो. विमानतळाचे गणवेशातले कर्मचारी शेजारी भात-रस्सा खात होते आणि आम्ही सासूबाईंच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चहाचे कुपन तेवढे घेतले. बाबांनी उरलेले १५ बाट परत मिळतात का हे मुद्दाम जाऊन पाहिले, आणि मिळाले.

साडेनऊला यंत्रांपाशी गेलो. मोठ्या गाडीच्या यंत्राने पहिली चिठ्ठी लगेच दिली. दुसऱ्या मोठ्या गाडीसाठी जवळपास दहा मिनिटे थांबावे लागले, कारण मार्गिकेत साध्याच गाड्या जास्त होत्या. पहिल्या गाडीत यजमान आणि माझे आई-बाबा, मोठ्या पुतणीसह. दुसऱ्या गाडीत मी, सासू-सासरे आणि धाकटी पुतणी. तिसऱ्या, साध्या गाडीत दीर आणि जाऊबाई. त्या साध्या गाडीची डिकी उघडली तेव्हा आतली टाकी पाहून दिरांनी लांबूनच मला हात करून दाखवली. राखाडी रंगाची, पट्ट्याने आवळलेली, डिकीचा निम्मा भाग व्यापलेली. एक मोठी बॅग, तिच्यावर आडवी एक लहान, आणि बाकीच्या दोन लहान बॅगा मागच्या सीटवर जाऊबाईंच्या शेजारी.

थाई लिपीतला कागद तिन्ही चालकांनी घेतला. आमच्या चालकाने तो दोनदा वाचला, हॉटेलला फोन लावला, काहीतरी बोलून हसला आणि मगच गाडी सुरू केली. टोल धरून पहिल्या गाडीचे ४५५, आमच्या गाडीचे ४७० आणि साध्या गाडीचे ३९० बाट झाले, एकूण १,३१५. सुखुमवितकर, आपला अंदाज १५ बाटनेच चुकला.

चिठ्ठीच्या बाबतीत मात्र दिरांनी ऐकले नाही. चालकाने मागितली आणि त्यांनी ती देऊन टाकली. नेमकी त्यांच्याच गाडीत जाऊबाईंची छत्री राहिली. हॉटेलच्या मुलीने गाडीचा क्रमांक विचारला, तेव्हा कुणाकडेच तो नव्हता. छत्री ३०० रुपयांची होती, त्यामुळे विषय तिथेच संपला. पण दिरांना पुढचे पाच दिवस ऊन लागले की त्याची आठवण करून दिली जात होती.

परतीला पायपीट यांचे म्हणणे खरे ठरले. ७ मोठ्या बॅगांच्या ९ झाल्या. हॉटेलमार्फत उंच टपाची व्हॅन विचारली, तर १,५०० बाट सांगितले. बॅगांची संख्या आणि इंच कागदावर लिहून दिल्यावर त्यांनी मागची रांग नसलेली व्हॅन पाठवली. तिच्यात सहाच जण बसू शकत होते, पण नऊही बॅगा नीट मावल्या. उरलेले चौघे, म्हणजे यजमान, दीर आणि दोन्ही मुली, राचाप्रारोपला चालत गेले आणि १६० बाटमध्ये रेल्वेने आले. दुपारची वेळ होती, डबा अर्धा रिकामा होता. मुलींना ते गोल प्लास्टिकचे टोकन घरी आणायचे होते, पण बाहेर पडताना ते फाटकात टाकावे लागते म्हणून त्या हिरमुसल्या. चौघे आमच्या आधी बारा मिनिटे विमानतळावर पोहोचले होते आणि चौथ्या मजल्यावर, निर्गमनाच्या दारापाशी, तीन ट्रॉल्या अडवून उभे होते.